काळजीचे काम, सरकारचा पैसा आणि नवे वतन

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सकाळी उठवायचे, मलमूत्र काढायचे, अंग पुसायचे, कपडे बदलायचे, घास भरवायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळाने कूस बदलायची. हे काम आपल्या देशात रोज असंख्य घरांत होते. ते कोण करते? घरातली सून, मुलगी, बायको किंवा आई. घरात पैसा असेल तर ब्युरोकडून आणलेली ‘मावशी’. ही मावशी कुठल्या वस्तीतून येते आणि तिचा चहाचा कप वेगळा का ठेवलेला असतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या कामाचे पैसे कोणी द्यायचे? आमचे उत्तर आहे, सरकारने. संविधानाचा अनुच्छेद ४१ सांगतो की बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता या अवस्थांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने तरतूद करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ त्याच्या पुढे जातो. या कायद्याच्या कलम २४ मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अनुच्छेद ४१ मध्ये आणि कलम २४ मध्ये एक पळवाटही आहे. दोन्हीकडे ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी अट घातलेली आहे. ही मर्यादा नेमकी गरिबाच्याच वाट्याला कशी येते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

तरीही सरकारने पैसे द्यावेत, एवढे म्हणून आमचा मुद्दा संपत नाही. उद्या हा भत्ता सगळ्या राज्यांत सुरू होईलही. पण तो कोणत्या नावाने येणार? मजुरी म्हणून, की मानधन म्हणून? हे काम करणारी बाई कायद्याच्या नजरेत कामगार असणार, की ‘सेवाभावी’? लढाई खरी इथे आहे. आणि ती समजून घ्यायची तर अमेरिकेकडे पाहावे लागते, कारण तिथे सरकारी पैशातून घरपोच काळजी देण्याची व्यवस्था गेली कित्येक दशके चालू आहे.

वर्ण आणि जात या दोन व्यवस्था शेजारी ठेवून वाचण्याची सवय आपल्याला बाबासाहेबांनी लावली. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाबद्दल विचारणा केली होती. त्याच नजरेने आम्ही हा इतिहास वाचतो.

अमेरिकेत १९६५ साली मेडिकेड ही योजना सुरू झाली. केंद्र आणि राज्ये मिळून गरिबांच्या उपचारांचा खर्च करतात, असे तिचे स्वरूप आहे. पण तिच्यात सुरुवातीपासून एक मेख होती. म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला नर्सिंग होममध्ये ठेवले तर त्याचा खर्च देणे राज्यांना बंधनकारक, आणि तोच माणूस स्वतःच्या घरी राहून मदत मागत असेल तर ती देणे राज्याच्या मर्जीवर. म्हणजे घर सोडा, मग मदत मिळेल. १९८१ मध्ये कायद्यात सवलतीची वाट काढण्यात आली आणि राज्यांना घरपोच सेवांवर मेडिकेडचा पैसा खर्च करता येऊ लागला. पुढे जॉर्जिया राज्यातल्या लॉइस कर्टिस आणि एलेन विल्सन या दोन महिलांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९९ च्या या ऑल्मस्टेड निकालाने सांगितले की जो माणूस समाजात राहू शकतो आणि राहू इच्छितो, त्याला विनाकारण संस्थेत अडकवून ठेवणे हा भेदभाव आहे. यातली लॉइस कर्टिस ही कृष्णवर्णीय होती, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

ही व्यवस्था चालते अशी: सरकारी माणूस येऊन पाहतो की या व्यक्तीला आंघोळ, शौच, जेवण, उठबस यासाठी किती तास मदत लागते. तेवढे तास मंजूर होतात. त्या तासांचे पैसे एखाद्या कंपनीला दिले जातात, किंवा ती व्यक्ती स्वतः आपला मदतनीस निवडते आणि सरकार त्या मदतनिसाला पैसे देते. कॅलिफोर्नियात तर घरातली व्यक्ती, अगदी आई किंवा जोडीदारसुद्धा, हे काम करून मजुरी घेऊ शकते. आपल्याकडे ‘कर्तव्य’ या एका शब्दाखाली गाडले जाणारे काम तिथे तासांत मोजले जाते. ही मोठी गोष्ट आहे.

पण हे तास ज्या हातांनी भरले, त्या हातांचे काय झाले?

१९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा आला. वृद्धापकाळाच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. १९३८ मध्ये किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला देणारा श्रम कायदा आला. त्यातूनही शेतमजूर आणि घरकामगार बाहेर राहिले. कायद्यात ‘काळे’ असा शब्द कुठेही नव्हता. त्याची गरजच नव्हती. गुलामगिरी संपल्यानंतरही दक्षिणेकडचे कृष्णवर्णीय बहुसंख्येने याच दोन कामांत होते. कामाचे नाव घेतले की माणसाचा वर्ण आपोआप वगळला जात होता. आडनाव न विचारता जात कशी ओळखायची, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही युक्ती लगेच कळेल.

१९७४ मध्ये कायदा बदलला आणि घरकामगारांना किमान वेतन लागू झाले. पण तेव्हाच एक नवे कुंपण घातले गेले. वृद्ध किंवा आजारी माणसाला ‘सोबत’ देणारी व्यक्ती या हक्कांतून वगळली गेली. पुढच्याच वर्षी केलेल्या नियमांनी सांगितले की अशा बाईला एखाद्या कंपनीने नोकरीवर ठेवले असले तरीही तिला ही सूट लागू, म्हणजे तिला केंद्रीय कायद्याचे किमान वेतन आणि जादा कामाचा मोबदला नाही. माणूस उचलणे, त्याची घाण काढणे, रात्रभर जागणे या साऱ्याला कायद्याने ‘सोबत’ म्हटले. शब्द बदलला की मजुरी बुडवता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

एव्हलिन कोक ही जमैकाहून आलेली कृष्णवर्णीय बाई न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दोन दशके हेच काम करत होती. जादा तासांचे पैसे मिळाले नाहीत म्हणून ती न्यायालयात गेली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तिच्या विरोधात निकाल दिला. कामगार खात्याने केलेला तो नियम वैध आहे, असे न्यायालय म्हणाले. २००९ मध्ये ती वारली. २०१३ मध्ये ओबामा प्रशासनाने नियम बदलला आणि २०१५ पासून तो लागू झाला, तेव्हा कुठे कंपन्यांमार्फत काम करणाऱ्या या बायकांना १९३८ च्या कायद्याचे संरक्षण मिळाले. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांनी. आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने १९७५ च्या नियमाकडे परत जाण्याचा प्रस्ताव मांडला. मिळालेला हक्क कधीही काढून घेतला जाऊ शकतो, एवढे त्यातून कळते.

दुसरा प्रश्न होता मालकाचा. कॅलिफोर्नियात सरकारी पैशावर काम करणाऱ्या बायकांनी संघटना करायची ठरवली, तेव्हा त्यांना विचारले गेले की तुमचा मालक कोण? काउंटी म्हणे, आम्ही फक्त पैसे देतो. राज्य म्हणे, आम्ही फक्त नियम करतो. मग मालक कोण, तर अंथरुणावरचा तो गरीब, अपंग माणूस! ज्याच्याकडे स्वतःचा पैसा नाही, तो मालक. वाटाघाटी कोणाशी करायच्या? शेवटी कायद्यात बदल करून जिल्हा पातळीवर सार्वजनिक प्राधिकरणे उभी राहिली आणि तेच वाटाघाटींपुरते मालक ठरले. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ७४ हजार काळजी-कामगारांनी मतदान करून संघटना स्वीकारली. या लढ्यात दिव्यांग हक्क चळवळीतले लोक कामगारांच्या बाजूने उभे होते, ही बाब आपल्याकडच्या दोन्ही चळवळींनी लक्षात ठेवावी.

आता हे सारे वाचताना महार वतनाची आठवण होत नाही असा आंबेडकरी माणूस असेल का?

वतनात काय होते? काम सरकारचे होते. सरकारी टपाल पोचवणे, साऱ्याच्या वसुलीला राबणे, आलेल्या अंमलदाराच्या दिमतीला उभे राहणे. कामाला वेळ नव्हती, दिवसरात्र हाक येईल तेव्हा हजर. बाप नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. आणि मोबदला? इनामाचा तुकडा आणि रयतेने दिले तर बलुते. सरकार म्हणे गाव देते, गाव म्हणे सरकारचे काम आहे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. त्याचा गाभा साधा होता. जे काम सरकारचे आहे, त्याचा ठरावीक मोबदला रोखीत आणि खात्रीने मिळाला पाहिजे, आणि ज्याला हे काम नको त्याला त्यातून मोकळे होता आले पाहिजे. तेव्हा सरकारने ते होऊ दिले नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा यायला १९५८ साल उजाडले.

त्याच १९२८ साली, त्याच सभागृहात बाबासाहेब कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपण हा बाईचा खासगी प्रश्न आहे, हे त्यांनी मानले नाही. त्याचा भार मालकाने आणि सरकारने उचलावा, कारण त्यात साऱ्या देशाचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. घराच्या उंबऱ्याआड चालणाऱ्या कामाची जबाबदारी समाजाची आहे, हा विचार आपल्याकडे अमेरिकेतून आलेला नाही. तो आपल्या बापाचा आहे.

आणि आज आपल्याकडे काय चित्र आहे? आशा आणि अंगणवाडी सेविका पाहा. सरकारचे काम, सरकारचे रजिस्टर, सरकारची वेळ, पण पगार नाही. ‘मानधन’. आशाताईंना तर सरकार ‘स्वयंसेविका’ म्हणते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. मान द्यायचा आणि धन वाचवायचे, असा या शब्दाचा खरा अर्थ आहे.

काळजीवाहक भत्ता याच वाटेने जाईल, अशी आम्हाला भीती आहे. केरळने पुढाकार घेऊन ‘आश्वासकिरणम’ योजना आणली, अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना थेट मदत दिली, याबद्दल त्या राज्याचे अभिनंदन केले पाहिजे. पण रक्कम महिना ६०० रुपये. दिवसाला २० रुपये. राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये, तोही दारिद्र्यरेषेखालच्या आणि ८० टक्के अपंगत्व असलेल्यांना. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारे अनुदान २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाले. वाढ स्वागतार्ह आहे, पण ही रक्कम त्या माणसाच्या पोटापाण्याची आहे. त्याला उचलणाऱ्या, धुणाऱ्या, भरवणाऱ्या बाईचा एक तासही तिच्यात मोजलेला नाही.

१९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही अनुच्छेद २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच आहे. हे तत्त्व मजुराला लागू असेल तर सरकारी योजनेखाली बारा तास राबणाऱ्या काळजीवाहक बाईला का नाही?

यावर काही आक्षेप येतील, ते आम्हाला माहीत आहेत.

पहिला आक्षेप संस्कृतीचा. आईबापाची सेवा करायला पैसे घ्यायचे? हा प्रश्न विचारणारा पुरुष बहुधा स्वतः सेवा करत नसतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याचे काम करतात, पुरुष २१.४ टक्के. अशा स्त्रियांची दिवसाला सरासरी १४० मिनिटे या कामात जातात, पुरुषांची ७४. सेवेचे गोडवे एकाने गायचे आणि कंबर दुसरीने मोडायची, ही कसली संस्कृती? काही जातींना घाणीचे काम ‘धर्म’ म्हणून आणि सर्व जातींच्या स्त्रियांना सेवा ‘धर्म’ म्हणून सोपवणारी व्यवस्था एकच आहे. प्रेमाला आमचा विरोध नाही. प्रेमाच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याला आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढा पैसा आणायचा कुठून? आम्ही उलट विचारतो, आज हा खर्च कोण भरते? आजीला सांभाळण्यासाठी जिची शाळा सुटते ती मुलगी भरते. मजुरी बुडवून घरी बसणारी आई भरते. खर्च आजही होतोच आहे, फक्त तो अंदाजपत्रकात दिसत नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही २०२४ मध्ये घरपोच सेवांसाठी सुमारे ७ लाख माणसे प्रतीक्षा यादीत होती. २०२५ च्या नव्या कायद्यामुळे मेडिकेडवरचा केंद्राचा खर्च दहा वर्षांत ९०० अब्ज डॉलरहून जास्त घटेल, असा तिथल्या संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज आहे. त्याच कायद्यात करकपातही आहे. पैसा असणे आणि तो कोणासाठी काढायचा हे ठरवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो आणि तो दिव्यांग मित्रांकडून येतो. कामगाराची मजुरी वाढली आणि योजनेचा पैसा तेवढाच राहिला, तर आमचे मदतीचे तास कापले जातील. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत जादा कामाचा मोबदला लागू झाल्यावर काही राज्यांनी निधी वाढवण्याऐवजी कामगारांच्या तासांवर मर्यादा घातल्या. म्हणून मजुरी आणि तास या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात असल्या पाहिजेत. दोन वंचितांना एकमेकांसमोर उभे करून खजिना वाचवण्याचा खेळ आपण शंभर वेळा पाहिला आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. काळजीवाहक भत्ता ठोक रकमेत न देता मंजूर तासांप्रमाणे द्यावा, आणि तासाचा दर किमान वेतनापेक्षा कमी नसावा.

२. कामगाराचा मालक शासन आहे, हे कायद्याने मान्य करावे. ब्युरो किंवा ठेकेदाराला मध्ये घालून जबाबदारी झटकू नये. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. त्या मंडळाला अधिकार आणि निधी देऊन सुरुवात करता येईल.

३. मदतनीस कोण असावा हे दिव्यांग किंवा वृद्ध व्यक्तीने ठरवावे. घरातली स्त्री हे काम करत असेल तर तिलाही मजुरी मिळावी. पण तिने ते केलेच पाहिजे असे गृहीत धरून बाहेरची मदत नाकारू नये. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या गळ्यात हे काम पडता कामा नये.

४. निवडीच्या हक्कात जात पाहण्याचा हक्क येत नाही. ‘आमच्या स्वयंपाकघरात चालणार नाही’ म्हणून मदतनीस नाकारणे आणि दलित दिव्यांगाच्या अंगाला हात लावायला नकार देणे, या दोन्ही गोष्टी अनुच्छेद १७ चा भंग आहेत. योजनेच्या नियमांत हे लिहून ठेवावे.

५. हातमोजे, लसीकरण, आठवड्याची सुट्टी आणि सुट्टीच्या दिवशी बदली कामगार, हे योजनेच्या खर्चात धरावे.

६. उत्पन्नाची अट बदलावी. संजय गांधी योजनेची सर्वसाधारण उत्पन्न मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे, म्हणजे कुटुंबाला दिवसाला ५८ रुपयांहून कमी. एवढ्या पैशात जगणारे कुटुंब दाखवण्यासाठी लोकांना तलाठ्यापुढे खोटे बोलावे लागते. काळजीची गरज शरीरावरून ठरवावी.

७. या कामाचे रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असावे, आणि त्यातून परिचारिका किंवा आरोग्य सेवक होण्याची वाट खुली असावी. आजची मावशी उद्याही मावशीच राहणार आणि तिची मुलगीही मावशीच होणार असेल, तर पगार वाढूनही ते वतनच राहील.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग आहेत. त्यातले अनेक आपल्याच वस्त्यांत, पत्र्याच्या खोल्यांत आहेत, आणि त्यांना सांभाळणारेही आपलेच आहेत. मदत घेणारा आणि मदत करणारी, दोघेही आपले. म्हणून हा प्रश्न दिव्यांग संघटनांचा किंवा कामगार संघटनांचा आहे असे म्हणून आंबेडकरी चळवळीला बाजूला उभे राहता येणार नाही.

येत्या अधिवेशनाआधी आपल्या भागातल्या दिव्यांग संघटना, घरकामगार संघटना आणि आशाताई यांना एकत्र बसवा. कलम २४ मधला काळजीवाहक भत्ता आपल्या जिल्ह्यात किती जणांना मिळतो, हे समाज कल्याण आणि दिव्यांग कल्याण कार्यालयांकडे माहिती अधिकारात विचारा. उत्तर आले की आमदाराच्या दारात जा. निवेदनात ‘मानधन’ हा शब्द एकदाही लिहू नका. मजुरी लिहा.

जय भीम!